जाळाला बटण नसतं

लोणंदहून नीरेकडे निघालं की गाव संपून उसाची रानं लागतात, तिथं एक लहानसं उपचार केंद्र उभं राहत होतं. अर्धांगवायू झालेली माणसं, गुडघे नि मणके धरलेले म्हातारे, जन्मापासून हातपाय ताठ असलेली मुलं, यांना कोमट पाण्यात उभं करून व्यायाम द्यायचा, अशी तिथल्या डॉक्टरीणबाईंची योजना. पाण्यात माणसाचं वजन हलकं होतं, स्नायू सैल पडतात. जमिनीवर पाऊल न उचलणारा रोगी पाण्यात चार पावलं चालतो. हौद बांधून झाला होता. चार मीटर लांब, अडीच मीटर रुंद, पाणी एक मीटर दहा सेंटिमीटर. ते ३३ अंशांवर ठेवायचं होतं. कशानं तापवायचं, हा प्रश्न घेऊन बाई माझ्या वर्कशॉपात आल्या.

माझं काम फॅब्रिकेशनचं. कांदाचाळीचे सांगाडे, ट्रॉल्या, पत्र्याची शेडं, गुऱ्हाळाची धुराडी. लोणंद कांद्याचं गाव, त्यामुळे चाळीच्या कामाला तोटा नाही. पण पाणी आणि जाळ एकत्र आलेलं काम आलं की मी आधी वही काढतो. तसा हिशेब मांडला. हौदात अकरा हजार लिटर पाणी. थंडीत ते २२ अंशांवर येतं, म्हणजे ११ अंश चढवायचे. एक लिटर पाणी एक अंश तापवायला एक किलोकॅलरी, म्हणजे एकूण एक लाख एकवीस हजार. विजेत सांगायचं तर १४० युनिट. घरातल्या तीन किलोवॅटच्या गीझरला हे काम दिलं तर तो दोन दिवस-रात्री जळत राहील. वाळलेल्या बाभळीच्या एक किलो लाकडातून, धुराड्यातून वाया जाणारी उष्णता सोडून, पाण्याला साधारण दोन हजार किलोकॅलरी मिळतात. म्हणजे पहिल्या तापवणीला साठ किलो लाकूड, आणि तासाला दहा-बारा किलो जाळलं तर पाच-सहा तास. एकदा पाणी तापलं, हौदावर रात्री झाकण पडलं, की रोजची घट दोन-अडीच अंशांची. ती भरून काढायला बारा-चौदा किलो पुरे.

बाईंचा कल लाकडाकडे होता, कारण त्यांच्या वडिलांच्या रानात बांधाला बाभळी होत्या आणि ओढ्याकाठी वेड्या बाभळीचं रान माजलं होतं. मी त्यांना आधी छपरावर सौर पॅनेल घ्यायला सांगितले. आपल्याकडे वर्षातले सात-आठ महिने ऊन फुकट पडतं आणि त्याला धूर नाही. ते त्यांनी घेतले. लाकूड राहिलं पावसाळ्यासाठी आणि थंडीतल्या पहाटेसाठी. रोगी मात्र बाराही महिने येणार, तेव्हा हे यंत्र दुय्यम धरून चालणार नव्हतं.

त्यांच्याकडे एक तयार वस्तूही आली होती. कुणीतरी, कुठूनतरी बनवून दिलेला जाड पत्र्याचा ड्रम, पोटात जाळाची नळी, बाहेरून छान निळा रंग. पाणी आत जायच्या तोंडाला गेटवॉल्व्ह, बाहेर पडायच्या तोंडालाही गेटवॉल्व्ह. माथ्यावर एक पितळी सेफ्टी वॉल्व्ह. वेल्डिंग सुबक होतं. आमचे तात्या, ज्यांनी माझ्या वडिलांबरोबर चाळीस वर्षं फिटरचं काम केलं, त्यांनी ड्रमाभोवती एक चक्कर मारली आणि दोन्ही वॉल्व्हना हात लावून एवढंच म्हणाले, “ताई, ह्ये दोन्ही फिरवलं की पाण्यानं जायाचं कुठनं?”

सगळं डिझाइन त्या प्रश्नात आहे.

विजेचा गीझर बंद करता येतो. गॅसची शेगडी बंद करता येते. लाकूड पेटलं की ते जळून संपेपर्यंत उष्णता देत राहणार. तुम्ही फार तर हवेची झडप लावून त्याला मंद कराल. त्या वेळेत पंप बंद पडला, फिल्टर तुंबला, चुकून कुणी वॉल्व्ह फिरवला, तरी जाळ थांबत नाही. बंद भांड्यात पाणी शंभराच्या वर चढतं, दाब वाढतो, आणि टाका जिथं कच्चा असेल तिथं भांडं फाटतं. फाटताक्षणी दाब पडतो आणि आतल्या पाण्याचा काही भाग त्याच क्षणी वाफ होतो. एक लिटर पाण्याची मोकळ्या हवेत सोळाशे लिटरांहून जास्त वाफ होते. दोनशे लिटरांचा ड्रम भिंती का पाडतो, ते या आकड्यात आहे.

हे भय जुनं आहे. १८६३ मध्ये कलकत्त्यात बॉयलर फुटून माणसं गेली आणि त्यानंतर बंगालमध्ये बॉयलरच्या तपासणीचा कायदा आला. साऱ्या देशासाठीचा कायदा १९२३ चा. त्याची जागा २०२५ मध्ये नव्या कायद्यानं घेतली. साखर कारखान्यांच्या पट्ट्यात राहणाऱ्यांना बॉयलर इन्स्पेक्टर, बॉयलर अटेंडंटचं प्रमाणपत्र या गोष्टी ठाऊक असतात. पण कायद्याच्या व्याख्येत शंभर अंशांखाली पाणी तापवणारं भांडं बसत नाही. ते योग्यच आहे, नाहीतर घरोघरच्या बंबाला इन्स्पेक्टर लागला असता. मात्र त्याचा अर्थ असा, की आमच्यासारख्यांनी शेडमध्ये बनवलेल्या हीटरकडे तिसरं कुणी बघत नाही. शंभराच्या खाली राहील असं म्हणून बनवलेलं भांडं खरोखर शंभराच्या खाली राहील का, याची जबाबदारी बनवणाऱ्याची.

आपल्या तांब्याच्या बंबानं ती जबाबदारी फार पूर्वी निभावली आहे. पुण्याच्या तांबट आळीत घडलेले बंब आमच्या भागात घरोघर होते. मधोमध जाळाची नळी, भोवती पाणी, खाली राखेची जाळी. वरच्या तोंडातून थंड पाणी ओतलं की ते तळाला जातं आणि तेवढंच कढत पाणी बाहेर येतं. बंबाचं तोंड कधीच बंद नसतं. विसरून दोन तास जाळ राहिला तर पाणी उकळेल, वाफ वरून निघून जाईल, न्हाणीघर धुक्यानं भरेल, पण बंब फुटणार नाही. गुऱ्हाळावरची काहीलही तशीच उघडी. चुलवाणात चिपाडं घालणाऱ्याला दाबाची फिकीर करावी लागत नाही. मला बंबाचा हा गुण हौदाला लावायचा होता.

बंब जसाच्या तसा मोठा करून भागत नव्हतं, कारण हौदाच्या पाण्यात क्लोरीन असतं. ते तांब्याला खातं, पाणी हिरवट होतं. साध्या लोखंडाला गंज चढतो आणि तो गंज हौदात येतो. शिवाय जाळाच्या भांड्यात सतत थंड पाणी खेळतं ठेवलं तर आतला पत्रा गार राहतो, धुरातली वाफ त्यावर थिजते आणि डांबरासारखा चिकट थर बसतो. तो थर धुराड्यात पेटला तर धुराडं लाल होतं. म्हणून पाणी दोन केलं. जाळाभोवतीच्या जॅकेटात दोनशे लिटर पाणी, ते तिथंच राहणारं, सत्तर अंशांच्या आसपास. त्याच्या पोटात ३१६ जातीच्या स्टेनलेस स्टीलच्या नळीची अठरा मीटरची गुंडाळी, आणि हौदाचं पाणी फक्त त्या गुंडाळीतून फिरणारं. दोन पाण्यांची भेट कुठंच नाही.

जॅकेटाच्या माथ्यावरून दोन इंची नळी सरळ वर, छपराच्या वर. वाटेत कॉक नाही, खाली वळलेला बाक नाही, की जिथं पाणी साचून वाट अडेल. तिचं तोंड माणसांच्या जाण्यायेण्यापासून लांब. भर घालायला वर एक छोटी टाकी, बॉलकॉकची, पत्र्याची. इथं काळी प्लास्टिकची टाकी चालत नाही. उकळतं पाणी उलटं आलं तर प्लास्टिक मऊ पडून टाकी खाली बसते आणि खाली माणूस असतो. बॉलकॉकला पाणी छपरावरच्या मोठ्या टाकीतून, आपसूक उतरणारं. या साखळीत विजेवर चालणारं काहीही नाही.

सेफ्टी वॉल्व्हबद्दल बाईंनी विचारलं होतं. तो वाईट नाही, पण आमच्या भागातल्या बोअरचं पाणी जड आहे. दोन वर्षांत क्षार धरून वॉल्व्हची बैठक चिकटते आणि ज्या दिवशी त्यानं उघडायचं त्या दिवशी तो उघडत नाही. कारखान्यात त्याची तारखेनं तपासणी होते. उपचार केंद्रात कोण करणार? उघड्या नळीला तपासणी लागते ती एवढीच, की वर पक्ष्यानं घरटं केलं आहे का. त्यासाठी तोंडाला मोठ्या छिद्रांची जाळी लावली.

मग जाळाची खोली. तिथं मला मोह आवरावा लागला, कारण गिऱ्हाइकाला मोठी भट्टी हवी असते. एकदा लाकडं भरली की निवांत. मी ती मुद्दाम लहान ठेवली. एका भरणीला बारा किलोच मावावं. त्याचा हिशेब असा: बारा किलो लाकूड पाण्याला चोवीस हजार किलोकॅलरी देतं. पंप बंद पडला तर त्यातले सहा हजार जॅकेटाचं पाणी सत्तरवरून उकळीपर्यंत न्यायला जातील. उरलेल्या अठरा हजारांत तेहतीस-चौतीस लिटर पाणी वाफ होईल. जाळाच्या माथ्यावर ऐंशी लिटर पाणी राहील अशी जॅकेटाची उंची धरली. म्हणजे भरीची टाकीही रिकामी निघाली, बॉलकॉकही अडकला, तरी एका भरणीचं लाकूड संपेपर्यंत पत्रा उघडा पडत नाही. पाण्याखालचा पत्रा जळत नाही. पाणी सोडून गेलेला पत्रा लाल होतो, आणि त्यावर कुणी घाईनं पाणी सोडलं तर पुढचं सांगायला नको.

सगळ्यात अवघड जागा मात्र भट्टीत नव्हती, पंपाच्या स्टार्टरमध्ये होती. आपल्याकडे शेतातल्या मोटारीला ‘ऑटो’ लावायची रीत आहे. लाइट रात्री-अपरात्री येते, कोण उठून जाणार? लाइट आली की मोटर आपोआप सुरू. हौदाच्या पंपालाही वायरमननं सवयीनं ऑटो बसवला होता. आता विचार करा. लाइट गेली, पंप थांबला. अठरा मीटरच्या गुंडाळीत सात-आठ लिटर पाणी अडकलं आहे आणि भोवतालचं जॅकेट उकळतं आहे. दहा मिनिटांनी लाइट येते, पंप आपोआप सुरू होतो, आणि ते सगळं उकळतं पाणी एका दमात हौदात येतं, जिथं कुणी उभं आहे. साठ अंशांचं पाणी पाच सेकंदांत कातडी भाजतं. आणि इथं उभा असलेला माणूस अर्धांगाचा आहे. त्या बाजूला चटका बसतोय हे त्याला कळत नाही, कळलं तरी पाय उचलून बाजूला होता येत नाही.

तो ऑटो काढला. साधा हातानं दाबायचा स्टार्टर ठेवला, लाइट गेली की सुटणारा, पुन्हा माणसानंच लावायचा. नियम असा केला, की लाइट गेली तर रोगी आधी बाहेर, मग पंप सुरू, मग थर्मामीटर, मग रोगी आत. गरम पाण्याचं तोंड हौदाच्या कोपऱ्यात, जाळीच्या वेगळ्या कप्प्यात सोडलं, तिथं ते गार पाण्यात मिसळूनच बाहेर येतं. पंप नीट चालत असताना तासाला साडेतीन हजार लिटर पाणी गुंडाळीतून जातं आणि सहा-सात अंशच चढतं, हात लावला तर कोमट लागावं इतकंच. फिल्टर तुंबून पाणी कमी झालं तर ते जास्त तापून येईल, म्हणून त्या नळीवर बेचाळीस अंशांना भोंगा. गुंडाळीच्या बाहेरच्या तोंडाला वॉल्व्ह दिला नाही, कारण दोन्ही बाजूंनी बंद झालेली गुंडाळी हीसुद्धा एक बंद भांडंच. पंपाला ३० मिलिअँपिअरला तुटणारा ईएलसीबी, आणि हौदाच्या तळाला पाणी ओढणारी तोंडं एकाऐवजी दोन, लांब लांब, म्हणजे एखाद्या मुलाचा पाय वा केस एका तोंडावर आले तरी ओढ दुसरीकडून राहते.

भट्टी हौदाच्या खोलीत ठेवायची नाही, यावर मी अडून बसलो. बाईंना वाटत होतं, खोलीही उबदार राहील. पण लाकूड मंद जळताना जो वायू सुटतो त्याला रंग नाही, वास नाही. बंद न्हाणीघरात गॅस गीझरनं माणसं गेल्याच्या बातम्या आपण दर थंडीत वाचतो, तो हाच कार्बन मोनॉक्साइड. भट्टी बाहेर, वेगळ्या शेडखाली, वाऱ्याच्या उलट्या बाजूला. धुराडं केंद्राच्या आढ्यापेक्षा उंच.

हीटर तयार झाला तो पालखीच्या तोंडावर. माउलींची पालखी नीरा ओलांडून आमच्या जिल्ह्यात येते, नीरास्नान होऊन लोणंदला मुक्कामाला उतरते, आणि तेव्हा सारं गाव एका मोठ्या चुलीसारखं पेटलेलं असतं. काम थांबलं. पालखी तरडगावकडे गेली, दोन सरी येऊन गेल्या, आणि मग आम्ही चाचणी घेतली.

जाळ घालायला तिथल्या मावशींना शिकवायचं होतं. शिकवायचं म्हणजे काय, त्यांचं अर्धं आयुष्य गुऱ्हाळाच्या चुलवाणासमोर गेलेलं. कोणतं लाकूड कसं पेटतं ते त्यांनीच मला सांगितलं. पहिल्यांदा तुराट्या, मग मक्याची बुरकुंडं, मग बाभूळ. पंप चालू होता, जॅकेटाचा काटा ६८ वर ठरला होता, भट्टी नुकतीच भरलेली. त्या वेळी मी तात्यांना मेन स्विच पाडायला सांगितलं.

पंपाचा आवाज थांबला आणि जाळाचा ऐकू येऊ लागला. काटा चढू लागला. पंचाहत्तर, ऐंशी. नव्वदीच्या जवळ जॅकेटातून बारीक सूर निघाला, पातेलं उकळण्याआधी निघतो तसा. मावशी दोन पावलं मागं सरकल्या. तात्या हललेच नाहीत. त्यांनी भरीच्या नळीला हात लावून ठेवला होता. लोणंदच्या उंचीवर पाणी ९८ अंशांच्या आसपास उकळतं, काटा तिथं आला आणि थांबला. उभ्या नळीतून दोन-तीन धक्के आले, थोडं पाणी उडालं, मग पांढरी वाफ सरळ वर निघाली. थोड्या वेळानं तात्या म्हणाले, “गार लागाय लागलं. भर येतीय.” वरच्या टाकीत बॉलकॉक फुसफुसत होता. काटा ९८ च्या पुढं गेला नाही. झडप लावून आम्ही लाकूड जळून जाऊ दिलं.

मावशी नळीकडं बघत म्हणाल्या, “बंबच हाय की ह्यो. थोरला.”

डॉक्टरीणबाईंनी त्यानंतर एकच प्रश्न विचारला आणि तो मला फार आवडला: “हे मावशींना एकटीला जमेल ना?” यंत्राचा विचार असा करायला हवा. आपण असताना ते कसं चालतं यावर समाधान मानू नये. रात्रीची पाळी, ताप आलेली बाई, मोबाइलवर बोलणारा पोरगा, यांच्या हातीही ते निरुपद्रवी राहिलं पाहिजे. म्हणून भट्टीवर रंगानं मोठ्या अक्षरांत चारच ओळी लिहिल्या. जाळाआधी वरच्या टाकीत पाणी बघा. एका वेळी एकच भरणी. लाइट गेली तर झडप लावा आणि रोगी बाहेर काढा. जाळावर पाणी ओतू नका.

लाकडाचीही शिस्त लावली. ओलं लाकूड म्हणजे उष्णतेचा काही भाग लाकडातलं पाणी वाळवण्यात घालवणं, आणि वर धूर. उन्हाळ्यात तोडलेलं, फोडलेलं, पत्र्याखाली उघड्या हवेत रचलेलं लाकूड पावसाळ्यात जाळायचं. रंगवलेल्या फळ्या, प्लायवूड, प्लास्टिक आत जाऊ द्यायचं नाही. तो धूर शेजारच्या वस्तीवर जातो. बांधावरची चांगली बाभूळ तोडू नका, ओढ्यातली वेडी बाभूळ आधी संपवा, हेही सांगितलं. आणि हौदावरचं झाकण. उघड्या पाण्याची सर्वांत जास्त उष्णता बाष्पीभवनानं जाते, त्यामुळे रात्रीचं झाकण म्हणजे रोजचं वाचलेलं लाकूड. लोक भट्टीवर पैसा खर्च करतात आणि झाकणाला कंटाळा करतात, हे मला कधी समजलेलं नाही.

तो निळा ड्रम आम्ही तिथून हलवला. त्याचे दोन्ही वॉल्व्ह काढले, माथा गॅस कटरनं कापला आणि त्यात आता वाळलेली बुरकुंडं भरून ठेवतात.

अलीकडे फलटण, शिरवळ, वाई या पट्ट्यात शेतघरं आणि कृषी पर्यटनाची ठिकाणं वाढली आहेत. पाहुण्यांसाठी गरम पाण्याचे हौद होताहेत आणि त्यांच्यासाठी माझ्यासारखेच फॅब्रिकेटर बंब बनवून देताहेत. तुमच्याकडे असा बंब असेल तर उद्या सकाळी, जाळ घालण्याआधी, त्याच्या माथ्यापासून वाफेच्या वाटेवर बोट फिरवत शेवटपर्यंत जा. वाटेत एकही कॉक लागला तर जाळ घालू नका. आधी तो काढून घ्या. नवा करून घेणार असाल तर भाव ठरवण्याआधी बनवणाऱ्याला विचारा, की लाइट गेली आणि पाणी उकळलं तर वाफ कुठून जाणार. त्यानं हातानं वाट दाखवली तरच ऑर्डर द्या.